मुले सापडत का नाहीत? रानात तग धरणाऱ्या भावंडांची कादंबरी लिहिताना

नागपूरच्या आसपासच्या जंगलात हरवून राहणे फार अवघड आहे. आईवडिलांच्या मृत्यूनंतर रानात दिवस काढणाऱ्या भावंडांवर कादंबरी लिहू पाहणाऱ्याने पहिले प्रकरण सुरू करण्यापूर्वीच या अडचणीचा विचार करावा. पेंचचे जंगल शहरापासून सुमारे 70 किलोमीटरवर आहे, उमरेड-करांडला आणि बोर त्याहून जवळ आहेत आणि ताडोबा दीडशेच्या घरात जातो. नकाशावर हे सारे हिरवे ठिपके मोठे भयाण वाटतात. पण त्या हिरव्या रंगात मार्चमध्ये मोह वेचणाऱ्या बायका असतात, एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्ता तोडणारी कुटुंबेच्या कुटुंबे असतात, वर्षभर गस्त घालणारे वनरक्षक असतात, झाडांना बांधलेले कॅमेरा ट्रॅप असतात आणि बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याशेजारच्या मचाणांवर प्राणी मोजायला बसलेली शहरातली हौशी मंडळीही असतात. एकाच दिशेने दोन दिवस चालणारे मूल कुठल्या ना कुठल्या पांदणीला, नाहीतर डांबरी सडकेला लागतेच. त्यामुळे चाळिसाव्या पानाच्या आसपास चाणाक्ष वाचक विचारतो की, ही मुले सापडत का नाहीत? या प्रश्नाचे उत्तर लेखकाकडे नसेल, तर पुढचा वाघ, पूर आणि अंधार सगळे वाया जाते.

‘जंगल फार घनदाट होते’ हे उत्तर आपल्याकडे चालत नाही. उत्तर मुलांच्या मनात असावे लागते, आणि ते कुटुंबावर कोसळलेल्या घटनेतूनच निघावे लागते. म्हणून मी असे सुचवीन की, आईवडील कसे मेले हे ठरवताना ‘त्यामुळे मुलांना माणसांपासून दूर राहावेसे का वाटले’ हेही त्याच वेळी ठरवावे. बाप तोतलाडोहच्या जलाशयात बंदी असताना रात्री मासेमारीला गेला आणि परतला नाही; अशा घरातल्या मुलांना खाकी कपडे दिसले की झुडपात दडावेसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. दुसरी शक्यता ताटातुटीच्या भीतीची. अंत्यविधीच्या रात्री काका-मामांचे बोलणे मुलांच्या कानी पडते: मुलगा एकाकडे, मुलगी आश्रमशाळेत, धाकटे तिसरीकडे. या भीतीला कायद्याचाही आधार मिळतो, कारण 2015 च्या बालन्याय अधिनियमानुसार निराधार सापडलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते, आणि पुढे मुलींचे बालगृह वेगळे, मुलांचे वेगळे असणे ही नेहमीची गोष्ट आहे. तिसरी शक्यता मला सर्वांत जास्त भावते. आई शेवटचे सांगून जाते, ‘मी येईपर्यंत इथून हलू नका.’ मोठ्या मुलीला आई येणार नाही हे कळलेले असते. पण धाकट्याला शब्द मोडायचा नसतो आणि तो मोडायला लावण्याचे धैर्य मोठीला होत नाही. एवढ्या एका गाठीवर दोनशे पाने उभी राहू शकतात.

अलीकडच्या काळातले खरे उदाहरण अभ्यासायचे असेल, तर 2023 सालचे कोलंबियातले पाहावे. 1 मे रोजी ॲमेझॉनच्या जंगलात एक छोटे विमान कोसळले. त्यातली तिन्ही मोठी माणसे दगावली, आणि विटोटो या आदिवासी समाजातली चार भावंडे 40 दिवसांनी, 9 जूनला, जिवंत सापडली. थोरली मुलगी 13 वर्षांची होती आणि सर्वांत धाकटे बाळ अपघाताच्या वेळी 11 महिन्यांचे होते. सैनिक आणि स्थानिक आदिवासी त्यांना शोधत होते, हेलिकॉप्टरवरून त्यांच्या आजीचा ध्वनिमुद्रित आवाज त्यांच्याच भाषेत ऐकवला जात होता, तरीही इतके दिवस गाठ पडली नाही. लेखकाने यातून दोन गोष्टी उचलाव्यात. पहिली अशी की, सुरुवातीचे दिवस ती मुले रानमेव्यावर जगली नाहीत. विमानात सापडलेल्या कसाव्याच्या पिठावर जगली, आणि ते संपल्यावर थोरलीने आजीकडून शिकलेले फळांचे ज्ञान कामी आले. आपल्या कथेतल्या मुलांनाही घरून निघताना काहीतरी मिळू द्यावे, मग ते पायलीभर मुरमुरे असोत की चण्याचे पीठ असो, आणि ते रोज किती उरले याचा हिशेब शेवटपर्यंत चुकू देऊ नये. दुसरी गोष्ट म्हणजे 40 हा आकडा मात्र तिथेच सोडून यावा. तो ॲमेझॉनला शोभतो. आपल्या रानात तीन आठवड्यांपुढे विश्वास ताणला जातो, असे माझे मत आहे.

काळ ठरला की ऋतू ठरवावा, आणि इथे मी स्वतः कसा आपटलो ते सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी लिहिलेल्या माझ्या पहिल्या खर्ड्यात दोन भावंडे पोळ्याच्या सुमारास टेंभरं, म्हणजे तेंदूची फळे, खाऊन दोन दिवस काढत होती. देवलापारकडच्या एका खेड्यात राहणाऱ्या माझ्या मावशीला मी ते प्रकरण मोठ्या अभिमानाने वाचून दाखवले. ती तांदूळ निवडत ऐकत होती. मध्येच हात थांबवून म्हणाली, “पोळ्याले टेंभरं कोणाच्या रानात लागतात रे बावा? आमाले बी दाखव ना.” तेंदूचे फळ उन्हाळ्यात पिकते, एप्रिल-मेमध्ये, हे मला ठाऊक नव्हते असे नाही, पण लिहिताना मी फळ पाहिले होते, महिना पाहिला नव्हता. त्या दिवसापासून मी भिंतीवर एक मराठी दिनदर्शिका केवळ कथेसाठी लावतो आणि प्रत्येक प्रसंगाच्या तारखेखाली त्या दिवशी रानात काय मिळते, नाल्याला पाणी किती असते आणि चंद्र किती असतो हे पेन्सिलीने लिहून ठेवतो. चंद्राची नोंद विसरू नये. अमावास्येच्या रात्री पायवाटेने चालणारी मुले मीही एकदा लिहिली आहेत.

उन्हाळा निवडला तर खायला मिळते, पण पाणी आणि लपायला जागा मिळत नाही. मोहाचे फूल याचे उत्तम उदाहरण आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहे. फुले पहाटे गळायला लागतात. उजाडताना झाडाखाली गेले, तर फिकट पिवळसर, द्राक्षाएवढी, रसाने फुगलेली फुले टपटप आवाज करीत पडत असतात आणि पायाखाली आली की चिकट होऊन तळव्याला लागतात. वास गोड खरा, पण थोड्या वेळाने डोक्यात भिनणारा. भुकेले मूल ओंजळभर खाईल, दोन ओंजळी खाईल आणि मग डोके जड होऊन बसेल. ऊन चढेपर्यंत वेचणी आटोपते, फुले अंगणात वाळत पडतात आणि मनुक्यासारखी तपकिरी होतात. आता लेखकाच्या दृष्टीने पाहावे: याच झाडाखाली याच वेळी गावातल्या बायका टोपल्या घेऊन येतात आणि याच फुलांसाठी अस्वलही येते. मोहाच्या हंगामात पहाटे अस्वलाने हल्ला केल्याच्या बातम्या विदर्भातल्या वर्तमानपत्रांत नेहमी असतात. म्हणजे अन्न, माणसे आणि धोका हे तिन्ही एका झाडाखाली, एका तासात. दृश्य म्हणून ते फारच सुंदर. पण लपून राहण्याची कथा तिथे त्याच सकाळी संपते. मे महिन्यात तर पारा 45 अंशांवर जातो, नाले कोरडे पडतात, वाळूत झिरा खणून पाणी काढावे लागते आणि वनविभागाचे पाणवठे तेवढे भरलेले असतात, जिथे सगळे जनावर आणि सगळे कॅमेरे जमलेले असतात. हिवाळ्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. बोरे, आवळे, सीताफळे मिळतात, थंडी दहा अंशांच्या खाली उतरते आणि मुलांजवळ एक घोंगडी असली की निभावते.

माझी स्वतःची पसंती सप्टेंबरला आहे. पेंच आणि ताडोब्याच्या गाभ्याच्या भागातले पर्यटन 1 जुलैपासून 30 सप्टेंबरपर्यंत बंद असते. गवत माणसाच्या उंचीचे झालेले असते, वाटा बुजलेल्या असतात, गस्त असते पण जिप्सी गाड्यांची वर्दळ नसते. 1 ऑक्टोबरला फाटके उघडतात आणि पहिल्याच सकाळी दुर्बिणी रोखलेली माणसे आत येतात. कथेला यापेक्षा चांगले घड्याळ मिळणार नाही, आणि ते लेखकाने बनवलेलेही नाही. मुलांना या तारखेची कल्पना नसावी. वाचकाला मात्र एखाद्या बंद फाटकावरच्या फलकावरून ती आधीच कळलेली असावी.

सप्टेंबरातली भूक वेगळ्या प्रकारची असते. हिरवे पुष्कळ असते आणि पोट भरत नाही. काटवलाचे वेल असतात, बांबूचे कोंब म्हणजे वास्ते असतात, नाल्यात खेकडे आणि बोटाएवढे मासे असतात. पण वास्ते चिरून उकळून कडूपणा काढल्याशिवाय खाता येत नाहीत, आणि उकळायला विस्तव लागतो, आणि विस्तवाला कोरडे लाकूड लागते. काडेपेटी पहिल्याच सरीत भिजू द्यावी. गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि सावरीचा कापूस घेऊन चकमकीने विस्तव पाडण्याची रीत आपल्याकडे होतीच. मोठ्या मुलीने ती आजोबांच्या हातून पाहिली आहे, केली मात्र कधी नाही, एवढेच ठेवले तर दोन प्रकरणे सहज निघतात. आळिंबीच्या बाबतीत अर्धवट ज्ञान जिवावर बेतते. वारुळावर उगवणाऱ्या सात्या चवीने खाल्ल्या जातात हे मुलीला माहीत असावे; पण पलीकडे ओल्या जागी उगवलेली तशीच पांढरी छत्री त्याच जातीची आहे का, हे सांगायला मोठे कुणी नसावे. ती खाल्ली की नाही हे कथेने ठरवावे, मात्र विषारी आळिंबी ओळखण्याची सोपी खूण म्हणून काहीही लिहू नये. तशी एकही खात्रीची खूण नाही आणि पुस्तक मुलांच्या हाती जाणार आहे.

भूक वाढली की मुले रानाच्या कडेला सरकणार, कारण तिथे मका आहे, चवळीच्या शेंगा आहेत. इथेच कादंबरीला खरी माणसे भेटतात. रानडुकरे आणि रोही पीक खातात म्हणून शेतकरी मचाणावर जागल करतो, थाळी वाजवतो, मधूनच हाळी देतो. रात्री कणसे मोडणाऱ्या मुलाला ती हाळी कशी ऐकू येत असेल, याचा विचार करावा: त्याला ती बापाच्या हाळीसारखी वाटू शकते. काही जण कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडतात. तिने वाघ मेले आहेत, माणसेही मेली आहेत. धोका दाखवायचा असेल, तर तो असा शांत, चकचकीत आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर ताणलेला दाखवावा. वाघ मी शक्यतो आवाजातच ठेवतो. वानराची खोकल्यासारखी हाक, चितळाचा तीक्ष्ण इशारा, सांबराचे ‘ढांक’ आणि मग पसरलेली शांतता, एवढ्यावर मूल रात्रभर जागे राहते. मण्यार मात्र विसरू नये. हा साप रात्री हिंडतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, दंश पुष्कळदा दुखतही नाही, आणि त्यावर रुग्णालयातल्या प्रतिविषाखेरीज इलाज नाही. जडीबुटीने मण्यारीचे विष उतरवणारे प्रकरण कुणी लिहू नये; आणि ज्या मुलाला वाचवायचे आहे, त्याला मण्यार चावू देऊ नये.

पाण्याची अडचण सप्टेंबरात उलटी असते: पाणी जिथे तिथे, पण गढूळ. आईचे जुने सुती लुगडे मुलांजवळ असू द्यावे. चार पदरी घडी करून त्यातून पाणी गाळले, तर पटकीचे जंतू ज्या सूक्ष्म जीवांना चिकटलेले असतात ते बरेचसे अडकतात. बांगलादेशातल्या खेड्यांत केलेल्या पाहणीत या साध्या रीतीने पटकीचे प्रमाण जवळपास निम्म्याने उतरलेले आढळले. उकळण्याइतके ते निर्धोक नव्हे, हे मुलांना पोटदुखीतून कळू द्यावे. लुगड्याचा हा उपयोग मी केवळ आरोग्यासाठी सांगत नाही. ज्या वस्तूत आईचा वास आहे ती रोज चिखलाने मळत जाते आणि तरी वापरावी लागते, यातून जे घडते ते रडण्याच्या चार पानांतून घडत नाही.

दुःखाविषयी माझा आग्रह आहे की कादंबरीच्या पहिल्या एकतृतीयांश भागात त्याचे नावही काढू नये. कामात गुंतलेले मूल रडत नाही. ते पाणी आणते, काटक्या वेचते, धाकट्याची शी धुते. दुःख येते ते काम थांबते तेव्हा, म्हणजे झडीच्या दिवशी किंवा तापाच्या दिवशी. माझ्या खर्ड्यातला एक तुकडा नमुन्यादाखल देतो. बाई, म्हणजे बारा वर्षांची थोरली बहीण; तिने रिकामा झालेला स्टीलचा डबा नाल्यात घासून दगडावर ठेवला आहे, आणि चार वर्षांचा धाकटा तिच्याकडे पाहतो आहे.

“डबा पालथा घाल ना. माय म्हणते, ओला डबा उताणा ठेवला का वास मारते.”

बाईने डबा पालथा घातला. त्यात ठेवायला काही नव्हते.

“आता बराबर हाय,” तो म्हणाला.

इथे मूल ‘म्हणते’ असे वर्तमानकाळात बोलते आणि बहीण ते दुरुस्त करीत नाही, यापलीकडे मी काही लिहिलेले नाही. एका संपादकांनी समासात ‘भावना वाढवा’ असा शेरा मारला होता. मी तो मानला नाही. तुकडा वाचून झाल्यावर लेखकाने स्वतःला एवढेच विचारावे की, दुःख हा शब्द न वापरता ते कुठल्या भांड्यात, कपड्यात, सवयीत ठेवले आहे?

भाषेबद्दल या तुकड्यातून अंदाज आला असेल. निवेदन प्रमाण मराठीत ठेवावे आणि बोलणे नागपुरी असावे, पण मोजके; ‘कायले रडून रायला’ एवढ्यात मूल उभे राहते, प्रत्येक शब्दाला वळण देण्याची गरज नसते. भावंडांपैकी कुणी गोंडी ऐकत वाढले असेल, तर पाण्याला ‘येर’ म्हणण्यासारखे दोन-चार शब्द येऊ द्यावेत. मात्र एक पात्र कृपा करून टाळावे: कुठूनसा उगवणारा, सगळ्या मुळ्या ओळखणारा, मुलांना औषध लावून धुक्यात नाहीसा होणारा आदिवासी म्हातारा. असा माणूस आपल्या रानात राहत नाही, तो फक्त शहरातल्या पुस्तकांत राहतो. गोंड माणूस कथेत आलाच तर त्याला स्वतःचे काम असावे, हरवलेली गाय असावी, मुलांवर विश्वास ठेवायची घाई नसावी.

भावंडे तीन असावीत असे मला वाटते. दोघांत संवाद होतो, तिघांत राजकारण होते. प्रत्येकाला इतरांना नसलेले एक ज्ञान द्यावे आणि एकाला तरी ठाम चुकीचे ज्ञान द्यावे. टीव्हीवर पाहून ‘शेवाळ नेहमी झाडाच्या उत्तरेला असते’ असे सांगणारा नऊ वर्षांचा मुलगा पावसाळ्यातल्या रानात, जिथे शेवाळ चारही बाजूंना असते, सगळ्यांना अर्धा दिवस भरकटवू शकतो, आणि नंतर त्याचा आत्मविश्वास कसा ढासळतो हे वाघापेक्षा वाचनीय ठरते.

शरीराचे हिशेब मात्र टेबलावर बसून करू नयेत. चार वर्षांचे मूल साधारण 15 किलोचे असते. मी तेवढा तांदूळ पोत्यात भरून एका सकाळी सेमिनरी हिल्सचा चढ चढलो. तीनशे पावलांनंतर पोते कमरेवर घ्यावे लागले, पाचशेनंतर जमिनीवर. बारा वर्षांच्या मुलीने धाकट्याला उचलून दिवसाला पाच कोस नेल्याचे माझे वाक्य त्या दुपारी खोडले गेले, आणि त्या जागी ती त्याला उचलून दर शंभर पावलांना खाली ठेवते असे आले. नागपुरात राहणाऱ्याला असा अभ्यास पैसे न मोडता करता येतो. अजब बंगल्यात, म्हणजे 1863 साली सुरू झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयात, आदिवासी जीवनातल्या वस्तू जवळून पाहता येतात. श्रावणात ‘बुधवारी’ नावाच्या बाजारात बसणाऱ्या रानभाजीवाल्या बायकांना कुठली भाजी कशी शिजवायची हे विचारता येते, आणि त्या उत्तरासोबत दोन टोमणेही मिळतात, तेही लिहून घ्यावेत. पक्ष्यांच्या मराठी नावांसाठी मारुती चितमपल्लींचा पक्षिकोश हाताशी असावा, म्हणजे रानात नुसता ‘एक पक्षी’ ओरडत नाही.

शेवट सापडण्यावर करू नये. जिप्सीतला पर्यटक ओरडतो, वनरक्षक धावतो, धाकट्याला पाणी पाजतात, हे एका पानात उरकावे. त्यानंतरचे 24 तास सावकाश लिहावेत: पहिला भात, ज्याने पोट दुखते, समितीपुढची बाके, नावे लिहून घेणारी बाई, आणि मुले ज्या ताटातुटीला घाबरून रानात राहिली, ती आता होणार की नाही हा प्रश्न. त्याचे उत्तर सुखद असो वा नसो, पण तो प्रश्न पहिल्या प्रकरणात पेरलेलाच असावा.

खर्डा पुरा झाला की तो नऊ-दहा वर्षांच्या एखाद्या मुलाला मोठ्याने वाचून दाखवावा आणि हाती लाल पेन्सिल ठेवावी. मूल ‘पुढे काय झालं’ विचारील तिथे काही करू नये. ‘मग धाकट्याला त्या दिवशी काय खायला दिलं?’ असे जिथे जिथे विचारील, तिथे खूण करावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पानावर परत जाऊन हिशेब तपासावा.